इंग्रजीचा तास आणि घरची भाषा

इंग्रजीच्या तासाला शिक्षकानें मराठी शब्द उच्चारावा कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, परकी भाषा त्याच भाषेंतून शिकवावी. दुसरा पक्ष तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर वाढलेला. प्रत्येक वाक्याचें मराठी झाल्यावांचून त्याचें समाधान होत नाहीं. इ. स. २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालें, आणि हा वाद सहा वर्षांच्या बालकांपर्यंत येऊन पोंचला.

मी पुष्कळ वर्षें दुसऱ्या पक्षांत होतों. इंग्रजी वाक्य वाचावें आणि लगेच त्याचें मराठी सांगावें, असा माझा क्रम. मुलें शांत बसत. त्यांना समजलें, असें मी समजत असें. पुढें ध्यानांत आलें कीं, तीं इंग्रजी ऐकतच नव्हतीं. मागून मराठी येणार हें ठाऊक असल्यामुळें तीं केवळ त्याची वाट पाहत होतीं.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. सोलापुरांत मराठीखेरीज तेलुगु, कानडी व उर्दू याही भाषा घराघरांतून बोलल्या जातात. पूर्व भागांतील अनेक विणकर कुटुंबांची घरची भाषा तेलुगु आहे. अशाच एका घरांतला मुलगा माझ्या वर्गांत शेजाऱ्याशीं सारखा कुजबुजत असे. मीं त्यास दोनदां शिक्षा केली. तिसऱ्या वेळीं शेजारचा मुलगा भीत भीत म्हणाला, “गुरुजी, तो तुमच्या मराठीचा अर्थ विचारतो.” ज्या भाषेचा मी मुलांना आधार देत होतों, तीच त्या मुलाला दुसरी परकी भाषा होती. समजून घेण्याची धडपड केली, म्हणून त्याला शिक्षा झाली होती. तें शल्य अद्यापि मनांतून गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यावर ‘आय हॅव अ बुक’ हें वाक्य लिहिलें आणि त्याखालीं ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ असें मराठी. मग त्या मुलास विचारलें, “तुझ्या घरीं काय म्हणतात, बाळ?” तो हळूच म्हणाला, “ना दग्गर पुस्तकं उंदि.” एक कानडी मुलगी आपण होऊन उठली, “नन्न हत्तिर पुस्तक इदे.” तिन्ही भाषांत पुस्तक माझ्याजवळ ‘असतें’, संस्कृतांतहि ‘मम पुस्तकम् अस्ति’ असेंच म्हणतात. इंग्रजींत मात्र ‘मी’ कर्ता होतो आणि ‘हॅव’ हें निराळें क्रियापद लागतें. हा भेद पांच मिनिटांत सर्वांना उमगला. मग उरलेला तास इंग्रजींतच चालला, आणि त्या मुलानें त्या दिवशीं प्रथमच आपण होऊन हात वर केला.

वेल्समधील सी. जे. डॉडसन यांनीं १९६७ सालीं द्विभाषा-पद्धतीवर ग्रंथ लिहिला. वाक्याचा अर्थ घरच्या भाषेंत सांगावा, पण सराव परकी भाषेंत करवावा, हें त्या पद्धतीचें सार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि, ज्यांची घरची भाषा शाळेच्या माध्यमाहून निराळी आहे अशा मुलांसाठीं शिक्षकांनीं दोन्ही भाषांचा उपयोग करावा, असें सुचविलें आहे. आपल्या पाठशाळांना हा मार्ग अपरिचित नव्हता. गुरुजी अन्वय मराठींत उलगडीत. श्लोक मात्र अखेर संस्कृतांतच म्हणावा लागे.

आपल्या घरांतून आजोबा, काका किंवा थोरली वहिनी मुलांचा अभ्यास घेतात. त्यांना माझें सांगणें एवढेंच : अर्थ अडेल तेथें खुशाल घरच्या भाषेंत या, पण तेथेंच मुक्काम करूं नका. आणि मूल गप्प बसलें म्हणजे त्याला समजलें, असें मानूं नका. तें कुजबुजलें, तर आधीं काय विचारतें तें ऐका.