‘बायल्या’ ही शिवी कुणाला?

पहूरला माझ्या भाचीच्या वहीवर बीटीएस या कोरियन गायकांचा फोटो आहे. वर्गातली मुलं म्हणतात, “हे बायल्ये, छक्के!” का, तर ओठांना रंग, कानात डूल. भाची तावातावाने सांगते, “मावशी, त्यातला जिन दीड वर्ष सैन्यात राहून आलाय!”

मला गणपत पाटील आठवले. तमाशापटांत नाच्या रंगवणारे हे नट २००८ साली गेले. सोंग इतकं हुबेहूब, की लोक त्यांना खरोखरच तसे समजत, टोमणे मारत. बाजू घेणारे आम्ही काय म्हणायचो? “छे, त्यांना बायकोमुलं आहेत!”

नसती तर? मग शिवी बरोबर ठरली असती? पुरुषाचं पुरुषावर प्रेम असणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली सांगितलं. आणि मैत्रिणींनो, ‘बायल्या’मध्ये बाई आहे. बाईसारखं असणं हीच शिवी, म्हणजे ती त्या गायकाआधी आपल्याला बसते.

भाचीला म्हटलं, “सैन्याचं सांगू नकोस. ‘असला बायल्या, तर तुझं काय गेलं?’ एवढंच विचार.”

“मावशी, मग ते मलाच चिडवतील.”

चिडवतील. तिला एकटीने का विचारायला लावायचं? शनिवारी मी शाळेत जाणार आहे.