घरात किती मतं आहेत?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या.)

महापालिकेच्या प्रचारात आमच्या दारात चारपाच पोरं आली होती. गळ्यात उपरणी, हातात मतदार यादी. दार मी उघडलं. त्यातल्या एकाने माझ्या खांद्यावरून आत बघत आमच्या ह्यांना विचारलं, "काका, घरात चार मतं ना? चारही आपलीच धरू ना?"

मी म्हटलं, "बाळा, त्यातलं एक माझं आहे. ते मला विचार."

पोरगं ओशाळलं. "सॉरी काकू, तसं नव्हतं म्हणायचं." मला माहीत आहे तसं नव्हतं म्हणायचं. त्याला कुणी तसं शिकवलंच नाही, तो काय करणार? यादीवर त्याने घराच्या नंबरासमोर '४' लिहिलं आणि मंडळी पुढच्या दाराकडे गेली.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड फिरत आला. अमेरिकेतल्या बायकांना मतासाठी एवढी वर्षं झगडावं लागलं, इंग्लंडमध्ये बायका तुरुंगात गेल्या, स्वित्झर्लंडने तर १९७१ साली मत दिलं, आणि आपल्या देशाने मात्र बायकांना पहिल्या दिवसापासून न मागता मत दिलं. खाली हात जोडलेले, तिरंगा, वगैरे. त्यावर एका गृहस्थांची पुस्ती: "आयतं मिळालं म्हणून किंमत नाही. दीड हजारात विकतात."

त्यांना ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर ग्रुप फुटला असता. म्हणून इथे लिहिते आहे.

'न मागता' हा शब्द खोटा आहे. साफ खोटा. आणि ज्या मुंबई प्रांतात आपलं पुणं होतं, त्या प्रांताचा इतिहास तर त्याच्या नेमका उलटा आहे.

१९१७ पासून सुरुवात करू. भारतमंत्री माँटेग्यू सुधारणांची चाचपणी करायला इकडे आले होते. १८ डिसेंबर १९१७ ला मद्रासमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मागणी सरळ होती: उद्या जो मताधिकार द्याल, त्यात आम्हालाही धरा. पुढच्या वर्षी मुंबईत काँग्रेसचं विशेष अधिवेशन भरलं, तिथे सरोजिनीबाईंनी हाच विषय मांडला आणि ठराव मंजूर करून घेतला.

मग कुणाला मत द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती आली. याच समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांची बाजू मांडली होती. बायकांच्या बाबतीत समितीने काय म्हटलं? इथली सामाजिक परिस्थिती बघता बायकांना मत देणं व्यवहार्य नाही. म्हणजे बायका पडद्यात, शिक्षण नाही, त्यांना कसलं मत! ज्यांनी शिकू दिलं नाही, त्यांनीच 'शिकलेल्या नाहीत' म्हणून दार लावून घेतलं. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? आजही तोच चालतो, फक्त कपडे बदललेत.

मुंबईच्या बायका मात्र घरी बसल्या नाहीत. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांना मुंबईतल्या बायकांनी थेट लंडनला पाठवलं. १९१९ साल. बोटीचा प्रवास. मिठन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची. पार्लमेंटच्या समितीपुढे या मायलेकींनी हिंदी स्त्रियांची बाजू मांडली, तिथल्या गावोगावच्या सभांतून भाषणं केली. हीच मिठन पुढे बॅरिस्टर होऊन आली, मिठन लाम या नावाने ओळखली गेली आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिचं नाव मी कधी वाचलं नाही. मी तीस वर्षं इतिहास शिकवलाय, म्हणून सांगते. मलाच ते नाव निवृत्तीनंतर कळलं, ही माझी शरम.

लंडनने काय केलं? हात झटकले. १९१९ च्या कायद्यात म्हटलं की बायकांना मत द्यायचं की नाही, हे ज्या त्या प्रांताच्या विधिमंडळाने ठरवावं. बघा हं गंमत. ज्या सभागृहात एकही बाई नाही, ज्यांना एकाही बाईने निवडलेलं नाही, त्या पुरुषांनी बसून ठरवायचं की बाईला मत असावं का. म्हणजे लढाई आता प्रांताप्रांतांत लढायची. एकदा नाही, प्रत्येक प्रांतात नव्याने.

आणि वातावरण कसं होतं, तेही ऐका. १९२० साली पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न पेटला होता. पैसे कमी आहेत, तेव्हा आधी मुलांचं शिक्षण सक्तीचं करू, मुलींचं नंतर बघू, असं म्हणणारा एक मोठा पक्ष होता. लोकमान्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, तेही त्याच बाजूला होते. सेवासदनच्या रमाबाई रानडे बायकांना घेऊन या पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. बायकांचा मोर्चा! शंभर वर्षांपूर्वी! नऊवारी नेसून, लोकांचे टोमणे ऐकत. याच रमाबाई मताधिकाराच्या चळवळीतही होत्या. शिक्षण आणि मत या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. 'शिकल्या नाहीत म्हणून मत नाही' आणि 'मत नाही म्हणून शाळेला पैसे नाहीत' हे चक्र कुठून तरी तोडायला हवं, हे त्या बाईला कळलं होतं.

१९२१ साली आधी मद्रासने आणि मग आपल्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने बायकांना मत देण्याचा ठराव केला. त्याच वर्षी बंगालने तो फेटाळला. हो, राजा राममोहन रायांच्या बंगालने! तिथल्या बायकांना आणखी काही वर्षं झगडावं लागलं. आता सांगा, हे 'न मागता' कुठे मिळालं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही फॉरवर्डच लिहीन. १९२१ चं मत सगळ्या बायकांना नव्हतं. सारा, घरभाडं, मालमत्ता यावर मत ठरायचं. बायकांच्या नावावर जमीन किती होती? घर किती होतं? तेव्हा मत मिळालं ते मूठभर बायकांना. शेतात राबणारी, गिरणीत खपणारी, गावकुसाबाहेरची बाई त्यात नव्हती. तिचा पुरुषही बहुधा नव्हता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, स्त्री असो की पुरुष. तो धागा सोडून नुसत्या शिकल्यासवरल्या बायकांची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच होते.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ती.

१९३२ साली लोथियन समिती आली. तिच्यापुढे अडचण अशी की मालमत्तेची अट ठेवली तर बायका यादीत येतच नाहीत. मग तोडगा निघाला: ज्या पुरुषाला मालमत्तेमुळे मत आहे, त्याच्या बायकोलाही द्या. ऐकायला बरं वाटतं. मतदार बायकांची संख्या एकदम वाढणार होती. पण अखिल भारतीय महिला परिषदेने (जिचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये इथे आपल्या पुण्यात भरलं होतं) आणि इतर महिला संघटनांनी त्याला ठाम विरोध केला. आम्हाला नवऱ्याच्या नावावरचं मत नको, आम्ही माणूस म्हणून नागरिक आहोत, सगळ्या प्रौढांना मत द्या, ही त्यांची भूमिका. फायदा समोर दिसत असताना त्यांनी तत्त्व सोडलं नाही.

त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९३५ च्या कायद्यात नवऱ्याच्या पात्रतेवरचं मत आलंच, आणि अनेक प्रांतांत त्यासाठी बाईने वेगळा अर्ज करायचा अशी मेख मारून आलं. सुमारे ६० लाख बायका मतदार झाल्या. पण त्यातल्या कितीतरी जणी कुणाची तरी बायको म्हणून.

मग स्वातंत्र्य आलं, संविधान आलं आणि सगळ्यांना मत मिळालं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना काय झालं माहीत आहे? बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको. घरातल्या पुरुषांनीही तसंच लिहून दिलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, नाव नाही तर नोंद नाही. जवळपास ८ कोटी महिला मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणींची नावं यादीतून गळाली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. सेन कठोर वागले असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं. पुढच्या निवडणुकांत ही नावं यादीत येत गेली आणि या वेळी ती स्वतःची नावं होती.

म्हणजे या सगळ्या इतिहासाचा गाभा एवढाच आहे: मत माझ्या नावावर हवं. घराच्या नाही, नवऱ्याच्या नाही, माझ्या.

आणि म्हणून 'घरात किती मतं' हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. घरात मतं नसतात हो. घरात माणसं असतात.

मी निवडणुकीच्या ड्युटीवर होते तेव्हा दर वेळी दोनचार नवरे तरी यायचे. "मॅडम, हिला कळत नाही, मी दाबतो बटण." दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या अपंग मतदारालाच सोबती घेता येतो, हे समजावून सांगितलं की चिडायचे. एकदा एका आजींनी नवऱ्याला हाताने मागे सारलं आणि पडद्याआड गेल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "बरोबर दाबलंस ना?" आजी म्हणाल्या, "ते कशाला सांगू?" मला त्या आजींच्या पाया पडावंसं वाटलं होतं. ड्युटीवर होते म्हणून गप्प बसले.

आता त्या दीड हजारवाल्या गृहस्थांकडे वळते. शेतकऱ्याला कर्जमाफी मिळाली आणि त्याने मत दिलं, तर तुम्ही त्याला विकाऊ म्हणत नाही. आयकरात सूट मिळाल्यावर तुम्ही स्वतः खूश होऊन मत देता, तेव्हा स्वतःला विकाऊ म्हणत नाही. लाडक्या बहिणीने मात्र दीड हजार घेतले की ती विकली गेली. का? कारण तुमच्या मनात तिला स्वतःचा हिशोब असूच शकत नाही. साउथबरो समितीचंही हेच म्हणणं होतं. तुम्ही शंभर वर्षांनी तिथेच आहात.

आणि सरकारनेही हुरळून जाऊ नये. जे आज आहेत त्यांनी, आणि जे उद्या येऊन जास्त रक्कम देऊ म्हणतात त्यांनीही. पैसे द्या, हरकत नाही, ते आमच्याच करातून आहेत. पण 'लाडकी' हे नातं झालं, हक्क नव्हे. लाड करणारा रुसतोही. मतदार कुणाची लाडकी नसते आणि दोडकीही नसते. खरंच मान द्यायचा असेल तर उमेदवारी द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा राखीव आहेत म्हणून तिथे बायका दिसतात, आणि तिथेही कितीतरी ठिकाणी कारभार 'सरपंचपती' बघतात. जिथे सक्ती नाही त्या विधानसभेत २८८ पैकी पंचवीस बायकाही निवडून आल्या नाहीत. संसद आणि विधानसभांसाठी २०२३ साली घटनादुरुस्ती झाली, टाळ्या वाजल्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली. १९१९ साली लंडनने प्रांतांकडे बोट दाखवलं होतं. बोट दाखवायची कला जुनी आहे.

असो. बायांनो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात.

यादीत आपलं नाव स्वतः तपासा. लग्न होऊन आलेल्या सुनांचं आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलींचं आधी बघा, तीच नावं राहून जातात.

"घरात किती मतं?" असं कुणी विचारलं तर सांगा, "माझं एक आहे. बाकीच्यांना बोलावते, त्यांना विचारा."

आणि मत कुणाला दिलं हे घरात कुणी विचारलं, तर त्या आजींचं उत्तर पाठ करून ठेवा.

पुरुष मंडळींनी रागावू नये. तुमचंही एकच आहे. तेवढं नीट सांभाळा.