बंब येईपर्यंतचा शेजारधर्म

रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत आजारी, प्रवासी, विद्यार्थी, राज्यकर्ते सगळे येतात. अग्निशमन दलाचे जवान क्वचितच. ते यावेत असे आम्हांला वाटते. आणि नुसते प्रार्थनेत आणून भागणार नाही, असेही वाटते.

मार्च 2023 आठवा. उपवासकाळ चालू होता आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यातले डोंगर पेटले होते. त्या चढांवर बंब नेणार कुठून? वन खात्याचे कर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान आणि गावकरी पायी चढले, हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवत राहिले. वरून नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. लोकांच्या लक्षात हेलिकॉप्टर राहिले, डहाळी कोणाच्या लक्षात नाही.

एरवी वाळपईच्या केंद्रासारख्या ठिकाणचे काम कुठे गाजत नाही. काजूच्या बागायतीतली आग, रस्त्यावर आडवे झालेले झाड, विहिरीत पडलेले गुरू, गळणारा सिलिंडर. त्यासाठी माणसे रात्रंदिवस तयार बसलेली असतात. त्या बसण्यालाही आम्ही सेवाच म्हणतो.

पण बंबात पाणी किती? नेहमीच्या गाडीत साधारण 4,500 लिटर. मिनिटाला 450 लिटर सोडले तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. पुढचे पाणी गावातूनच मिळायला हवे, आणि गाडी पोहोचेपर्यंतचा सगळा वेळ तर शेजाऱ्यांचाच.

आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यांत आग नाही! गोव्यात राज्याचे खाते असल्याने खेड्यालाही बंब मिळतो, हे चांगलेच. तरी गाव या कामाला आपले मानत नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात लोक स्वतः कर भरून ‘फायर डिस्ट्रिक्ट’ चालवतात, त्याचे मंडळ निवडून देतात, आणि पुष्कळ ठिकाणी आग विझवायला जाणारेही गावचेच स्वयंसेवक असतात. आपल्याकडे लगेच तसे होणार नाही. पण ‘सरकार बघेल’ म्हणून स्वस्थ बसणे आम्हांला पटत नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण मुलांना शिकवतो तेव्हा दयेवर बोलतो. त्याच्याजवळ तेल आणि द्राक्षारस होता, हे घाईत राहून जाते. वाटेवर जखमी दिसला तेव्हा तो दुकान शोधायला गेला नाही.

म्हणून धर्मग्रामाने काही गोष्टी कराव्यात. फेस्ताच्या दिवशी चर्चपुढचा रस्ता गाड्यांनी बंद होतो, तिथे बंबापुरती वाट मोकळी ठेवावी; याबाबत आपण फार निष्काळजी आहोत. मार्चआधी दफनभूमीभोवतीचे वाळके गवत कापावे, पेटवू नये. कोणत्या वाड्यावर बारमाही विहीर आहे हे पंचायतीला लिहून द्यावे. 101 किंवा 112 ला फोन करताना कोणत्या कुरसाकडून वळायचे, हे घरातल्या लहानग्यालाही सांगता यावे.

14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीतील स्फोटात दलाचे 66 जवान गेले. त्या आठवड्यात जवळच्या केंद्रातील जवानांना मिस्साला बोलवावे, आणि नंतर सभागृहात सिलिंडरची आग कशी विझवायची ते त्यांच्याकडून शिकून घ्यावे. पहिल्या रांगेत घरच्या बायकांना बसवावे. चुलीजवळ त्याच असतात.