हौस भुईनळ्याची, परवाना कलेक्टरचा

जबलपूरहून कटनीकडे जाताना पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर लागते. समजा, तिथल्या एका तरुणाला शोभेच्या दारूचा नाद आहे. त्याला विकायचे काहीच नाही. आपण भरलेला भुईनळा, तिकडच्या भाषेत अनार, दिवाळीत अंगणात उडावा एवढीच त्याची इच्छा. एवढ्यासाठीही परवाना लागतो का?

लागतो. १८८४चा स्फोटक कायदा हौस आणि धंदा असा भेद करत नाही. 'हौशी' असा निराळा परवानाच आपल्याकडे नाही. विनापरवाना दारू बनवली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एका वेळी १५ किलोपर्यंत फटाके बनवायचे असतील, तर २००८च्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, परवाना देऊ शकतात. त्यापुढचा कारभार स्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयाकडे जातो. १५ किलो हा आकडा ऐकून हुरूप येतो खरा. पण अर्जासोबत जागेचा नकाशा द्यावा लागतो, चौकशी होते आणि वस्तीपासूनचे अंतर पाहिले जाते. राहत्या घराची मागची खोली किंवा गच्ची यात बसत नाही. बहुतेकांची हौस इथेच अडते.

घरच्यांना हा जाच वाटेल. पण मध्य प्रदेशातच ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्याजवळच्या बैरागढला फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. १०हून अधिक माणसे गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. त्याआधी १२ सप्टेंबर २०१५ला झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदला भर वस्तीत साठवलेली स्फोटके उडाली. ती खाणकामाची होती, फटाक्यांची नव्हेत. पण पलीकडे चहा-नाश्त्याला बसलेल्यांना त्या फरकाचा काय उपयोग?

जुन्या कारागिरांकडून ऐकलेल्या कृतींचे तर नावच काढू नये. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेते. फटाक्यांत ते वापरायला १९९२पासून बंदी आहे. हिरव्या रंगासाठी वापरले जाणारे बेरियमचे क्षारही सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बंद केले.

दिवाळीपुरता दुकानाचा तात्पुरता परवाना मिळतो, पण तो विक्रीचा. त्यावर काही बनवता येत नाही. दोन दुकानांत ३ मीटर अंतर हवे, ती समोरासमोर नकोत आणि आत तेलाचा दिवा नको. उरलेला माल घरच्या माळ्यावर टाकणे हा तर सर्रास होणारा गुन्हा.

एवढे असूनही नाद सुटत नसेल, तर परवाना असलेल्या एखाद्या आतषबाजाच्या हाताखाली काम शिकावे. वय मात्र १८ पूर्ण हवे. दारूजवळ लोखंडी हत्यार नेत नाहीत, कारण त्याची ठिणगी पडते. लाकडाची किंवा पितळेची साधने वापरतात. ही सवय हाताला लागायलाच एक हंगाम जातो.