गोंडांचा तंटा गोंडांच्या पंचांपुढे!

“आदिवासींनी आपापसांत न्याय करायचा म्हणजे खाप पंचायतच की!” राजगोंडांच्या राय सेंटरचा विषय निघाला की सुलतान बाजारातील आपली जुनी मंडळी असे बोलतात. राज्यात कायदा एकच हवा, हा त्यांचा मुद्दा. त्यांना आम्ही आपल्याच वस्तीची आठवण देतो. 1933 पर्यंत हा रेसिडेन्सी बाजार होता. निजामाच्या पोलिसांचा अंमल येथे चालत नसे. आपले आजे-पणजे त्या वेगळ्या व्यवस्थेत सुखाने नांदले. त्यामुळे राज्य बुडाले नाही!

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील राय सेंटरमध्ये सारमेडी आणि गावोगावचे पटेल बसतात. दोन्ही बाजू ऐकून दंड आणि भरपाई ठरवतात. जुन्या रिवाजाप्रमाणे चुकलेला माणूस समाजाला जेवण घालतो आणि पुन्हा पंगतीत बसतो. तुरुंग माणूस तोडतो. ही पद्धत जोडते.

सरकारी बंदुकीने गोंडांना काय दिले? 1940 साली जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले. तेव्हा निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ यांना अभ्यासासाठी पाठवले गेले, केसलापूरच्या नागोबा जत्रेत गाऱ्हाणी ऐकणारा दरबार सुरू झाला. स्वतंत्र भारतात मात्र 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत पुन्हा गोळीबारच! आणि तुरुंगांचे काय? 2022 अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे खटला न संपलेले कच्चे कैदी होते. जामिनाला पैसा नाही, वकिलाची भाषा कळत नाही, असा आदिवासी त्यात सडतो.

कायदा आड येतो म्हणावे, तर तेही नाही. 1996 च्या पेसा कायद्याने तंटे मिटवण्याची परंपरागत रीत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आम्हां बँकवाल्यांची थकीत कर्जे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, तेव्हा कोणी खाप म्हणत नाही. मग बांधावरच्या मारामारीलाच कोठडी का? कॅनडाने 1995 साली मूलनिवासी स्त्री-कैद्यांसाठी त्यांच्या परंपरेवर चालणारे सुधारगृह उघडले. तेथे काही अराजक माजले नाही.

आंधळी भक्ती आम्हांलाही नको. खून, बलात्कार, बालकांवरील अत्याचार कोर्टातच जावेत. पंचांत स्त्रिया असाव्यात. वाळीत टाकणे बंद; महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 साली कायदा केलाच आहे. निकाल न पटल्यास कोर्टाचे दार उघडे राहावे. या अटींवर तडजोडयोग्य गुन्हे आधी राय सेंटरकडे जावेत आणि तेथील लेखी समेट कोर्टाने मान्य करावा, ही आमची तेलंगणा शासनाकडे मागणी आहे.

1940 च्या दशकात गोंड मुलांची पहिली गोंडी पुस्तके देवनागरीतच छापली गेली. तिकडच्या अनेक गोंडांना मराठी कळते. आपल्यातील वकिलांनी ते समेट लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे आणि मंडळाने येत्या सभेत या मागणीचा ठराव करावा. नुसती हळहळ पुरे झाली!