जतन म्हणजे नुसते ठेवणे नव्हे

जे जपले गेले, त्याचाच इतिहास लिहिता येतो, हे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्गात वारंवार सांगत असतो. शिलालेख, ताम्रपट, ताडपत्रे आणि कागद ही साधने विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. मात्र गेल्या सात दशकांतील जगाच्या असंख्य नोंदी ज्या चुंबकीय फितीवर, म्हणजे टेपवर साठविल्या गेल्या, तिचे नाव इतिहासाच्या तासाला क्वचितच निघते. टेप कालबाह्य झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे; आणि तो दूर करताना जतनाविषयी एक मोलाचा धडाही हाती येतो, असे आम्हांस वाटते.

१९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी कागदी पट्टीवर चुंबकीय कणांचा लेप देऊन ध्वनी नोंदविण्याची युक्ती शोधली. ध्वनीसाठी जन्मलेली ही फीत १९५१ मध्ये अमेरिकेतील युनिव्हॅक संगणकाला जोडली गेली. ती धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लास्टिकची हलकी फीत आणली. तत्त्व साधे आहे. फितीवरील सूक्ष्म कण चुंबकाच्या प्रभावाने एका किंवा उलट दिशेला वळविले जातात आणि त्या दिशाबदलांतून शून्य व एक हे संगणकाचे अंक वाचले जातात. हजारो पंचकार्डांवरील मजकूर एका रिळात मावू लागला. एक उणीव मात्र राहिली. मधलीच एखादी नोंद हवी असेल, तर तेथपर्यंत फीत फिरवावी लागते. डिस्कवर ती थेट सापडते. त्यामुळे रोजचे काम डिस्ककडे गेले आणि दीर्घकाळ सांभाळण्याचे काम टेपकडे राहिले.

ते काम ती आजही करीत आहे. २००० साली आलेल्या एलटीओ प्रकारच्या पहिल्या टेपवर १०० जीबी माहिती मावत असे. २०२१ मधील नवव्या पिढीच्या टेपवर १८ टीबी, म्हणजे १८० पट माहिती मावते. जिनिव्हाजवळील सर्न ही संशोधन संस्था आपल्या प्रयोगांची प्रचंड माहिती टेपवरच सांभाळते. कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही आणि ती कोणत्याही जाळ्याला जोडलेली नसते. २०११ च्या फेब्रुवारीत संगणकप्रणालीतील दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही त्या दोषाची झळ पोहोचली. अखेर पत्रे परत मिळाली ती टेपवरून, कारण अलग ठेवलेल्या टेपपर्यंत तो दोष पोहोचू शकला नव्हता.

तथापि, टेप आहे म्हणून जतन झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, तेव्हा तेथून आलेले मूळ चित्रसंकेत टेपवर नोंदविले गेले होते. पुढे टेपचा तुटवडा पडला. त्या काळात इतर हजारो टेपांबरोबर याही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये नासाला काढावा लागला. प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेले चित्रण उरले, मूळ गेले.

याच्या उलट उदाहरणही नासाचेच आहे. १९६६-६७ मध्ये ‘लूनार ऑर्बिटर’ यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली. त्यांच्या सुमारे दीड हजार टेपा नष्ट होण्याच्या मार्गावर असताना नॅन्सी एव्हान्स या अभिलेखपालांनी त्या वाचविल्या. इतकेच नव्हे, तर त्या वाचणारी जुनी, अवजड यंत्रेही त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. त्यामुळेच २००८ मध्ये ती यंत्रे दुरुस्त होऊन, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट रूपात जगासमोर येऊ शकले.

वस्तू, ती वाचणारे यंत्र आणि तिचे मोल जाणणारा माणूस या तिन्ही गोष्टी टिकल्या, तरच नोंद टिकते. एलटीओची यंत्रेदेखील साधारणतः एक-दोन पिढ्यांमागच्याच टेपा वाचतात. म्हणून जुन्या टेपांवरील मजकूर वेळोवेळी नव्यावर उतरवून घ्यावा लागतो. जुने ग्रंथही असेच आपल्यापर्यंत आले. ताडपत्र अमर नव्हते. नकला करणारे हात थांबले नाहीत, एवढेच. आता सारे मोबाइलमध्ये आणि क्लाऊडमध्ये आहे, असे कोणी म्हणेल. परंतु क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा संगणक. तेथे काय ठेवायचे आणि काय पुसायचे, याचा अखेरचा अधिकार आपल्याकडे नसतो. ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी इतरांनी ठेवल्याच नाहीत, त्यांनी हा अधिकार परक्यावर सोडू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी भीमगीतांच्या, धम्मप्रवचनांच्या, सभांमधील भाषणांच्या कॅसेटी आजही असतील. ती फीतही याच कुळातली. कॅसेट उरली, पण वाजविणारे यंत्र बिघडून भंगारात गेले, अशी अवस्था कित्येक घरांत आहे. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे की, त्या फेकू नयेत. चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर मिळवून त्यांतील आवाज संगणकावर उतरवून घ्यावा. बोलणारा कोण, स्थळ कोणते, वर्ष कोणते, हे लिहून ठेवावे. दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. हे जाणणारी ज्येष्ठ मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.