पार्सल भिवंडीहून येतं, जबाबदारी कुठे अडकते?

ऑर्डर कुठवर आली हे बघताना मोबाईलवर 'भिवंडी' हे नाव तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल. मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे. जिथे भातशेती होती तिथे आज गोदामं आहेत. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर भाडेकरूंचे संसार. आठ माणसं गेली.

आता कायदा बघा. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. वर्षाला 5 कोटी निव्वळ नफा असला, किंवा उलाढाल 1000 कोटींची असली, की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. वाचायला छान वाटतं. पण शंभरातले दोन रुपये कुठे घातले एवढंच हे कलम विचारतं. शंभर रुपये कसे कमावले, हा त्याचा प्रश्नच नाही.

जिथे धंदा करता त्या भागाला प्राधान्य द्या, असंही कलमात लिहिलंय. ते बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने 2021 मध्ये करून टाकला. म्हणजे भिवंडीचा वापर गोदामापुरता, आणि फीत कापायची ती सोयीच्या गावात.

कामगारांसाठी वेगळे कायदे आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत. 1948 चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू व्हायचा. 2020 च्या संहितेने तो आकडा वीस केला. ज्या शहरात एकाच छपराखालचे यंत्रमाग कागदावर चार मालकांचे असतात, तिथे याचा अर्थ काय होतो ते लूमवाल्यालाच विचारा.

महाराष्ट्राने खरं तर याहून बरा कायदा फार पूर्वी केलाय. 1969 चा माथाडी कायदा. माल ज्याचा, त्याने मंडळाकडे नोंदणी करायची. हमालाच्या मजुरीवर लेव्ही भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. मालक पाठीवर थाप मारून देतो तशी ही मदत नव्हती, मजुरीचाच भाग होता. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी तो भांडून मिळवला.

आणि आज? ठेकेदाराकडून आलेला पॅकर कंपनीच्या पटावर कर्मचारी नाही, सीएसआरच्या पानावर लाभार्थीही नाही. शाळेला बाकं दिल्याचा फोटो मात्र त्या पानावर असतो. (बाकं चांगलीच असतात, तक्रार बाकांबद्दल नाही.)

माझी मागणी साधी आहे. त्याच पानावर एक रकाना कायद्यानेच सक्तीचा करा: कंपनीचा माल कोणत्या गावात किती जणांनी उचलला, त्यातले किती मंडळात नोंदलेले आहेत, त्यांच्यापोटी लेव्ही किती भरली. हा रकाना कोरा असेल, तर दोन टक्क्यांच्या जाहिरातीवर बंदी घाला.